लेकीला पाठराखीण हवी

(प्रभागसंघाच्या मे महिन्याच्या सभेत आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्यांना सभेला येता आलं नाही, त्या गटांनी आपल्या बैठकीत हे वाचून दाखवावं.)



बाहेर ऊन मी म्हणतंय. तरीही तुम्ही धारा काढून, भाकरी थापून, लेकरांना कुणाच्या तरी हवाली करून इथं आलात. म्हणून मी जास्त ताणणार नाही. अध्यक्षताईंनी मला विषय दिलाय, ‘मुली, विज्ञान आणि कौशल्य’. विषय ऐकल्यावर मागच्या रांगेतून एक आवाज आला, तो मी ऐकला बरं का. “विज्ञान-बिज्ञान आपल्याला काय कळतंय, शेवटी चूलच फुकायची हाय.” मावशी, तिथूनच सुरुवात करते.

तुम्ही डेअरीला दूध घालता. फॅट कमी लागली की पैसे कमी येतात. एसएनएफ कमी लागला की अजून कमी. ते मशीन काय मोजतं, दुधात पाणी आहे हे लॅक्टोमीटरला कसं कळतं, हे विज्ञान आहे. डाळिंबावर तेल्या पडला, तर कुठलं औषध पंधरा लिटरच्या पंपाला किती घालायचं, हे प्रमाण आहे, म्हणजे गणित. बियाणं उगवतं का नाही बघायला तुम्ही शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवता आणि नंतर मोजता. हा प्रयोगच आहे, फक्त त्याला प्रयोगशाळेची खोली नाही. आणि शेकडा दोन रुपयांनी पाच हजारांचं तीन महिन्यांचं व्याज तुम्ही बोटांवर सांगता. मला मोबाइल काढावा लागतो.

आपल्या माळशिरसच्या शेजारी साताऱ्यातलं म्हसवड आहे. तिथल्या बायकांनी चेतना सिन्हा यांच्याबरोबर स्वतःची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला, कारण बऱ्याच सभासदांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका गप्प बसल्या नाहीत. अक्षरं शिकल्या आणि परत गेल्या. साहेबांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज आम्हाला विचारा, आणि तुमच्या माणसांना कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा, बघू कोण आधी सांगतंय. १९९७ साली माणदेशी बँक सुरू झाली. म्हणजे हिशेब आपल्याला येतच होता, कमी होतं ते शिक्षण.

आता मुलींकडे येऊ. या महिन्यात सगळ्यांचं लक्ष दहावी-बारावीच्या निकालाकडे आहे. दरवर्षी निकाल लागला की पेपरात एकच मथळा असतो, ‘यंदाही मुलींचीच बाजी’. खरं आहे ते. पास होण्याचं मुलींचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं. देशात कॉलेजला जाऊन विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित शिकणाऱ्यांत आज जवळजवळ ४३ टक्के मुली आहेत. पण जगभरात संशोधनाचं काम करणारे मोजले, तर तिनात जेमतेम एक बाई निघते. म्हणून संयुक्त राष्ट्रांनी ११ फेब्रुवारी हा विज्ञानातल्या महिला आणि मुलींचा दिवस ठरवलाय. मुली हुशार नाहीत असं कुणीच म्हणत नाही. प्रश्न असा आहे की बाजी मारलेल्या मुली जातात कुठं?

तुमच्याच गावात मोजा ना. माझ्या कामाच्या गावांतून फिरताना मला तीन ठिकाणी गळती दिसते. गावातली शाळा संपते आणि हायस्कूल दुसऱ्या गावाला असतं, ती पहिली जागा. दहावीनंतर काय घ्यायचं हे ठरतं, ती दुसरी. बारावीनंतर फी, होस्टेल आणि लग्न हे तिन्ही एकदमच दारात येऊन उभे राहतात, ती तिसरी. या तिन्ही ठिकाणी मुलीची अक्कल कमी पडत नाही. तिच्यासोबत कुणी नसतं.

आपल्यात एक जुनी रीत आहे. नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की तिला एकटीला धाडत नाहीत. सोबत पाठराखीण जाते. आत्या, मावशी, नाहीतर वडीलधारी बहीण. ती काय करते? नवीन घरात पोरगी बुजू नये म्हणून तिच्याजवळ बसते. तिला भूक लागली का बघते. कुणाशी कसं बोलायचं ते कानात सांगते. आणि घरी येऊन आईला सगळं सांगते. मला तुम्हाला एवढंच विचारायचंय, की लग्नाला जाणाऱ्या पोरीला आपण पाठराखीण देतो, मग पॉलिटेक्निकला, आयटीआयला, सायन्सला जाणाऱ्या पोरीला का देत नाही? ती जागा पण तिला तेवढीच परकी असते.

एक माणूस नीट सोबत उभं राहिलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. माढा तालुक्यात परितेवाडी नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत २००९ साली रणजितसिंह डिसले गुरुजी आले, तेव्हा शाळेच्या इमारतीची दशा झाली होती, एका बाजूला गुरांचा गोठा होता. मुलींची हजेरी कमी असायची. गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. मोबाइल धरला की कविता ऐकू यायची, गणिताचा व्हिडिओ दिसायचा. नंतर हेच कोड राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आले. आज तुमच्या नातवंडांच्या पुस्तकावर तो काळा-पांढरा चौकोन असतो, त्याची एक सुरुवात आपल्या माढ्यात झाली. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. १४० देशांतल्या १२ हजारांवर नावांतून निवड झाली आणि १० लाख डॉलरचं बक्षीस. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली.

सगळ्यांना बक्षीस आणि क्यूआर कोड लक्षात राहिलं. मला दुसरीच गोष्ट जास्त मोठी वाटते. बक्षीस देणाऱ्यांनी आवर्जून नोंदवलं होतं की त्या गावात मुलींची हजेरी शंभर टक्क्यांवर गेली आणि कोवळ्या वयातली लग्नं थांबली. हे काम एकट्या मोबाइलचं नाही. पोरगी आज का आली नाही, हे रोज विचारणारं कुणीतरी होतं, घराघरात जाऊन आई-बापांशी बोलणारं कुणीतरी होतं, म्हणून हे झालं. राज्यात पाहणी झाली तेव्हा २० ते २४ वयाच्या पाच बायकांमागे एकीचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. आपला जिल्हा या सरासरीच्या वरच आहे. हे ऐकायला कुणालाच बरं वाटत नाही, पण आपल्याच लेकींचा हिशेब आहे, तो आपणच मांडला पाहिजे.

अजून एक गोष्ट सांगते, नव्वद वर्षांपूर्वीची. लेखिका दुर्गाबाई भागवत तुम्ही ऐकल्या असतील. त्यांची धाकटी बहीण कमला. लग्नानंतर कमला सोहोनी. १९३३ साली मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेत पुढं शिकायला अर्ज केला. संस्थेचे प्रमुख होते नोबेल मिळवलेले सर सी. व्ही. रामन. अर्ज नाकारला गेला. कारण एकच, मुलगी आहे. कमलाबाई रडत घरी बसल्या नाहीत. थेट बंगळूरला गेल्या आणि प्रवेश घेतल्याशिवाय हलायचं नाही असं ठरवलं. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. पहिलं वर्ष कच्चं धरलं जाईल, काम पसंत पडलं तरच पक्कं. आणि तिथल्या पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये.

बघा, शिकायला मुलगी आली आणि लक्ष विचलित होण्याची जबाबदारी पण तिच्याच डोक्यावर. आजही शाळेच्या वाटेवर पोरं छेड काढतात आणि घरी कुणाला बसवतात? पोरीलाच.

कमलाबाईंना तिथं श्रीनिवासय्या नावाचे गुरू मिळाले. कडक होते, पण मन लावून शिकवणारे. वर्षभरात काम असं झालं की प्रवेश पक्का झाला, आणि त्यांच्यामागून त्या संस्थेचं दार इतर मुलींना उघडलं. पुढं १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. घेऊन त्या परत आल्या. आणि त्यांनी अभ्यास कशाचा केला? दूध, डाळी, कडधान्यं यांतल्या प्रथिनांचा. नंतर नीरेचा, की गरिबाच्या पोराला आणि गरोदर बाईला ती पोषणाला चालेल का. मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांचा सल्ला असायचा. आपल्या चुलीपाशीच्याच गोष्टी. मघाशी मावशी म्हणाल्या की चूलच फुकायची हाय. मावशी, त्या चुलीवर काय शिजतंय आणि त्यातून लेकराच्या अंगाला काय लागतंय, हेच शोधायचं काम कमलाबाईंनी केलं.

आता कुणी म्हणेल, ताई, आपल्या सगळ्या पोरी काही शास्त्रज्ञ होणार नाहीत. बरोबर आहे, व्हायलाच पाहिजे असंही नाही. म्हणून कौशल्याचं बोलू.

पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हातानं काम करत शिकायचं, ही त्यांची पद्धत. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय राज्यातल्या कितीतरी हायस्कूलांत शिकवला जातो. आठवी ते दहावीची मुलं-मुली वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, माती तपासतात, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासायला शिकतात, शेती आणि जनावरांचंही शिकतात. महत्त्वाचं काय, तर मुलांना वेल्डिंग आणि मुलींना स्वयंपाक अशी वाटणी नाही. सगळ्यांनी सगळं करायचं. तुमच्या हायस्कूलमध्ये हा विषय आहे का, एकदा मुख्याध्यापकांना विचारा.

आणि वयाचं म्हणाल, तर राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजात आफ्रिकेच्या खेड्यांतून बायका येतात. कितीतरी जणी आज्या आहेत, शाळेचं तोंड न पाहिलेल्या. एकीची भाषा दुसरीला कळत नाही. तारांचे रंग ओळखून, हातवारे करून सहा महिन्यांत त्या सौर दिवे बसवायला आणि दुरुस्त करायला शिकतात, आणि आपल्या गावी जाऊन उजेड करतात. आपल्याकडे आता गटाच्या बायकांना ड्रोन चालवायचं प्रशिक्षण मिळतंय. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत पंधरा दिवसांचं प्रशिक्षण आहे आणि गटाला ड्रोनच्या किमतीत ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाखांपर्यंत मदत आहे. आजीला सोलर जमतो, सुनेला ड्रोन जमतो, मग नातीनं आयटीआयला इलेक्ट्रिशियन घेतलं तर आपल्या पोटात गोळा का येतो?

एका गावात मला एका काकांनी विचारलं, “पोरीला काय खांबावर चढवायचं का?” मी म्हटलं, काका, चढेल की. बीड जिल्ह्यात महावितरणच्या महिला तंत्रज्ञ खांबावर चढून लाइन जोडतात. पण इलेक्ट्रिशियन म्हणजे नुसता खांब नाही. मोटार वायंडिंग आहे, पॅनल बोर्ड आहे, सोलर पंप आहेत, चिंचोळी एमआयडीसीतल्या कंपन्या आहेत. साखर कारखान्यात लॅब असते, तिथं केमिस्ट लागतो. आपल्या भागात गावोगावी पाण्याची मोटार जळते, आणि ती भरायला माणूस चार-चार दिवस सापडत नाही. तिथं आपल्याच गावची पोरगी असली तर?

आता एक खरी हकीकत सांगते. मुलीचं आणि गावाचं नाव घेत नाही. दहावीला चांगले मार्क पडले होते, विज्ञानात तर ऐंशीच्या वर. तिला डिप्लोमा करायचा होता. अर्ज ऑनलाइन. घरात मोबाइल एकच, तो वडिलांकडं, आणि वडील पुण्याला कामाला. फॉर्म भरायला बसली की ओटीपी पुण्याला जायचा. वडील कामावर असले की फोन उचलायचे नाहीत, आणि उचलेपर्यंत ओटीपीची वेळ संपायची. त्यात उत्पन्नाचा दाखला नव्हता. दाखल्याला अर्ज दिला, तो हातात आला तेव्हा तारीख निघून गेली होती. पोरगी आज डाळिंबाच्या बागेत छाटणीला जाते. काम वाईट नाही, कष्टाचं आहे. पण तिला ते निवडता आलं नाही. तिच्या वाटेत कुणी गुंड आडवा आला नाही, कुणी लग्न लावून दिलं नाही, फी सुद्धा आडवी आली नाही. एक कागद आणि एक ओटीपी, एवढ्यानं पोरगी थांबली. त्या आठवड्यात तिच्याजवळ एक जाणती बाई बसली असती तर? यंदा तिचा अर्ज भरायचाय. तिच्या आईच्या गटानं परवाच्या बैठकीत तसा ठराव घेतलाय आणि दाखला आधीच काढून ठेवलाय.

आता पैशाचं. तुमच्या गटाच्या कर्ज नोंदवहीत ‘कर्जाचं कारण’ असा रकाना असतो. घरी गेल्यावर तो रकाना वरपासून खालपर्यंत वाचा. शेळी, म्हैस, दवाखाना, खत-बियाणं, लग्न. मुलीचं शिक्षण किती वेळा आलंय ते मोजा. लग्नाला कर्ज मागितलं की कुणी विचारत नाही की फेडणार कसं. मुलीच्या होस्टेलला मागितलं की पहिला प्रश्न येतो, “ती शिकून परक्याच्या घरी जाणार, कर्ज कोण फेडणार?” मी तुम्हाला उलटं विचारते. लग्नात घातलेला पैसा एका दिवसात उठतो, आणि शिकलेली पोरगी परक्याच्या घरी जाताना शिक्षण इथं ठेवून जाते का? ते तिच्याबरोबर जातं, आणि वाईट वेळ आली तर तेच तिच्या कामाला येतं. इथं बसलेल्या किती जणींना अशी वेळ आली, ते तुमचं तुम्हाला माहीत आहे.

शिवाय वाटतो तेवढा खर्च आता राहिलेला नाही, फक्त वेळेवर माहिती पाहिजे. नीट ऐका, सचिवताईंनी लिहून घ्या.

पाचवीतल्या मुलीला नवोदयच्या परीक्षेला बसवा. आपल्या जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय मोहोळ तालुक्यात पोखरापूरला आहे. सहावीपासून राहणं, जेवण, शिक्षण मोफत. तीन जागांतली एक मुलींसाठी असते, आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी.

आठवीतल्या मुलीला एनएमएमएस परीक्षेला बसवा. शासकीय, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळेतल्या, साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना ती देता येते. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये.

गावाबाहेर शाळेला जाणाऱ्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, अहिल्यादेवी होळकरांच्या नावानं. पास असूनही शाळेच्या वेळेला गाडी नसेल, तर त्यासाठी ग्रामसंघाचा ठराव घेऊन आगारात अर्ज द्या.

बारावीनंतर इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकल, कृषी असे व्यावसायिक अभ्यासक्रम आहेत. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हा निर्णय जुलै २०२४ चा. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर माफी नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळी शिष्यवृत्ती आहेच. कुणी एजंट म्हणाला की “आधी पैसे भरा, सीट पक्की करतो”, तर आधी गटात विचारा, मग पैसे काढा.

दहावीनंतर लगेच हाताला काम पाहिजे असेल तर आयटीआय आहे, त्यात मुलींसाठी राखीव जागा असतात. सोलापूरचं शासकीय पॉलिटेक्निक आहे, तिथं दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा होतो. अकरावीचे प्रवेश पण आता राज्यभर ऑनलाइन झालेत. या सगळ्याला कागद जवळजवळ तेच लागतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, लागू असेल तिथं नॉन-क्रिमीलेअर, रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि मुलीच्या नावाचं आधार जोडलेलं बँक खातं. हे सगळं निकालानंतर नाही, आत्ता, याच महिन्यात काढायचं. निकालानंतर सेतूत पाय ठेवायला जागा नसते.

आता आपण काय करायचं? दशसूत्रीत शिक्षण आहे, हे आपण प्रत्येक बैठकीत म्हणतो. बचतीचा आणि परतफेडीचा रुपयान् रुपया आपण वहीत धरतो. एकीचा हप्ता चुकला तर दुसऱ्या दिवशी सगळा गट तिच्या दारात असतो. तेवढ्याच काळजीनं पोरींचा हिशेब धरायचा.

पहिलं काम यादीचं. प्रत्येक गटानं आपल्या सभासदांच्या घरातल्या पाचवी ते बारावीच्या मुली लिहायच्या, आणि मागच्या दोन वर्षांत शाळा सुटलेल्या मुली पण. नाव, इयत्ता, पुढं काय करायचंय, कुठला कागद कमी आहे आणि पाठराखीण कोण, एवढे रकाने पुरे. ‘पुढं काय करायचंय’ हे मुलीला विचारून लिहायचं, आईला विचारून नाही.

दुसरं काम पाठराखीण नेमायचं. शक्यतो आईपेक्षा वेगळी बाई. शिकलेलीच पाहिजे असं नाही. तिनं फॉर्मच्या दिवशी सेतूत सोबत बसायचं आणि ओटीपी येईल तो मोबाइल मुलीच्या हाताशी आहे का ते आधी बघायचं. कॉलेज बाहेरगावी असेल तर पहिल्या दिवशी सोबत जायचं, होस्टेल, संडास, बसची वेळ डोळ्यांनी बघून यायची. महिन्यातनं एकदा मुलीशी तिच्या घराबाहेर बोलायचं. वाटेत कुणी त्रास देतं का, हे विचारायचं. आणि त्रास असेल तर पोरीला घरी बसवायचं नाही, चार बायकांनी मिळून त्या पोराच्या घरी आणि शाळेत जायचं. गावातली एखादी शिकलेली मुलगी, नर्स, शिक्षिका, नोकरी करणारी सून असेल, तिला पण यात ओढा. सायन्सचं पुस्तक तिला कळतं, घरातलं राजकारण तुम्हाला कळतं. दोघी मिळून पूर्ण पाठराखीण होते.

तिसरं काम, अंतर्गत कर्जात शिक्षणाचं कारण पुढं घ्यायचं. प्रवेशाच्या महिन्यांत गटानं थोडी रक्कम हातात शिल्लक ठेवायची. मोठी रक्कम नसते हो. तिकिटाचे, फॉर्मचे, पुस्तकांचे, होस्टेलच्या अनामतीचे दोन-तीन हजार वेळेवर नसतात, म्हणून पोरगी थांबते.

चौथं काम जरा आनंदाचं. आपली सहल दरवर्षी पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर. ती होऊ द्या, देवाला नाही म्हणायचं नाही. पण एकदा लेकींना घेऊन केगावला जाऊ. तिथं विज्ञान केंद्र आहे, आणि डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र पण तिथंच आहे. आपण ज्या डाळिंबाच्या बागेत मजुरीला जातो, त्याच डाळिंबावर लोक संशोधन करतात, हे पोरीनं डोळ्यांनी बघितलं पाहिजे. मुलीनं जे कधी पाहिलंच नाही, ते व्हायचं स्वप्न ती कुठून बघणार?

पाचवं काम अवघड आहे, पण टाळायचं नाही. गावात अठराच्या आतल्या मुलीचं लग्न ठरतंय असं कळलं, तर आधी गटानं आई-बापाशी बोलायचं. ऐकलं नाही तर बालविवाह रोखायची जबाबदारी कायद्यानं ग्रामसेवकावर आहे, त्यांना सांगायचं. १०९८ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो. पाहुण्यारावळ्यांत वाईटपणा येईल, हे मला माहीत आहे. म्हणून हे एका बाईच्या अंगावर टाकायचं नाही, गटाचं नाव पुढं करायचं. गट असतो कशासाठी?

मला कुणी विचारेल, ताई, एवढं सगळं करून किती मुली पुढं जातील? मी आकडा सांगत नाही. आपण कुणाला वचन द्यायला बसलेलो नाही. पण आपल्या प्रभागातली एकही मुलगी कागदावाचून, ओटीपीवाचून, नाहीतर “सोबत कोण जाणार” या एका प्रश्नापायी घरी बसली नाही, एवढं आपल्या हातात आहे. ते करायला मंत्रालयात जावं लागत नाही.

पुढच्या महिन्याच्या सभेला प्रत्येक ग्रामसंघानं यादी घेऊन यायची. वहीचं पहिलं पान मुलींचं, कर्जाचं त्यानंतर. ज्या यादीत पाठराखीणीचा रकाना रिकामा असेल, तिथं त्याच सभेत नाव लिहू. कुणी नसेल तर माझं लिहा. तुमची परवानगी असेल तर आता चहा घेऊ, आणि चहा घेता घेता आपल्या शेजारणीला एकच विचारा, तुझी लेक कितवीत आहे आणि तिला पुढं काय करायचंय.